शंकेची पाल

रूममेट ऑनसाइटला निघाली की मागे काय काय ठेवून जाते? अर्धा शाम्पू, न वापरलेली योगा मॅट, दुधाचं बिल. माझी रूममेट टोरांटोला निघाली आणि माझ्यासाठी ठेवून गेली एक पाल.

हो, पाल. पण आपली ट्यूबलाइटमागची नव्हे हं! ही लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके, गुबगुबीत शेपूट आणि चेहऱ्यावर कायमचं हलकं हसू. हसू फसवं आहे. तिचं नाव मिरची आणि ते उगाच ठेवलेलं नाही. काचेच्या पेटीत हात घातला की मॅडम चार पायांवर उंच होतात, शेपूट सावकाश डोलवतात आणि तरीही हात मागे घेतला नाही तर तोंड उघडून झेप घेतात. रूममेटच्या टीम लीडला ती एकदा चावली होती. अप्रेझलवर त्याचा काय परिणाम झाला ते रूममेटने अजून सांगितलेलं नाही.

"दहा दिवस ठेवून बघ," ती म्हणाली. "जमलं तर तुझी. नाही तर दुसरं कुणीतरी शोधू."

मी लगेच 'हो' म्हटलं. इन्स्टाग्रामवर काय मस्त दिसेल, हा पहिला विचार. दुसरा विचार रात्री आला. मराठीत शंकेला पालीचंच रूप का दिलंय, ते मला त्या रात्री कळलं. मनात सारखी चुकचुकत होती.

मग आपण सगळे करतो तेच केलं. प्लस-मायनसची यादी. प्लसमध्ये: भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, केस गळत नाहीत, एक दिवसाआड जेवते. मोठी झालेली गेको यापेक्षा जास्त मागत नाही. मायनसमध्ये: जेवण म्हणजे जिवंत किडे, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरून. पेटीची एक बाजू तीस-बत्तीस डिग्री हवी आणि दुसरी थंड, कारण हिला स्वतःचं अंग आतून गरम ठेवता येत नाही. उबेसाठी ती जागा बदलते. हात लावला की साबणाने धुवायचे, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आणि सगळ्यात मोठा मायनस: चांगली ठेवली तर ती पंधरा-वीस वर्षं जगते.

पंधरा-वीस वर्षं! माझा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे.

त्या दहा दिवसांतच मामाची साठी आली. मामा-मामी राहतात हरसूलला. नाशिक जिल्ह्यातला त्र्यंबकेश्वर तालुका, गुजरातच्या सीमेजवळचं आदिवासी भागातलं गाव. मिरचीला चार दिवस पुण्यात एकटं ठेवायचं तर हीटरची काळजी, आणि सोबत न्यायचं तर... नेलं. झाकणाला भोकं पाडलेला डबा, आत ओला टिश्यू, बाहेरून टॉवेल. नाशिकहून हरसूलच्या एसटीत मांडीवर डबा घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "काय आहे त्यात?"

"पाल."

त्याने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "फुल का हाफ?" एवढंच विचारलं आणि पुढे गेला.

गिरणारे सोडलं, वाघेरा घाट लागला आणि पाऊस सुरू झाला. तुम्ही त्या भागातला जुलै बघितला नसेल तर एकदा बघा. खाचरांत भाताची आवणी चाललेली, ढग रस्त्यावर उतरलेले, समोरचं काही दिसत नाही. फार सुंदर! पण माझं सगळं लक्ष डब्यात. आत गारठा तर नाही ना पडला?

पडला होताच. हरसूलला पोचले तेव्हा लाइट गेलेली होती आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. हीट मॅट म्हणजे नुसतं रबराचं फडकं झालं. मिरची गार पडून डोळे मिटून बसली. (हो, हिला पापण्या असतात. आपल्या घरातल्या पालीला नसतात, म्हणून ती जिभेने डोळे चाटते. हिच्या बोटांना चिकटण्याची सोयही नसते, त्यामुळे भिंत चढता येत नाही.) मामीने काही न विचारता चुलीवर पाणी तापवलं, बाटलीत भरलं, बाटलीला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला आणि डब्याशेजारी ठेवली. रात्री तीनदा उठून पाणी बदललं. मी नव्हे, मामीने.

सकाळी मात्र तिने माझ्या किड्यांचा डबा शेवयांचा समजून उघडला. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही.

संध्याकाळी ओटीवर कंदील लावला आणि भिंतीवर तिची रोजची पाल आली. पाखरं टिपू लागली. "बघ," मामी म्हणाली, "आमचीला ना पगार, ना डबा, ना बाटली. रोज ड्युटीवर हजर." मामाने पंचांग काढून पल्लीपतनाचं पान उघडलं: पाल अंगावर कुठे पडली की काय फळ मिळतं. मग यशवंतीची गोष्ट झाली. 1670 ची सिंहगडाची मोहीम, तानाजी मालुसरे आणि कड्यावर दोर घेऊन चढणारी घोरपड. ती दंतकथा आहे हे मामाला माहीत आहे. पण तिच्यातला एक तपशील मला त्या दिवशी नव्याने भेटला: यशवंती आधी माघारी फिरते आणि तानाजी तिला मारायची धमकी देतात. म्हणजे टेम्परामेंटल सरपटणाऱ्यांशी आपला संबंध जुनाच.

ओटीवर गर्दी जमली होती. मामी आश्रमशाळेत शिकवते, तिची पोरं येऊन-जाऊन असतात. सगळ्यांना मिरची बघायची होती. मी पण काय, सेलिब्रिटी झाल्यासारखी डबा उघडून दाखवत होते. मिरची उंच झाली, शेपूट डोलवलं. मी म्हटलं, "फार चिडकी आहे बरं का."

सातवीतला एक मुलगा वाकून बघत होता. म्हणाला, "चिडली नाय ताई. भ्याली."

मग त्याने विचारलं, "कितीला पडली?"

आणि मी आकडा सांगितला. अगदी सहज. आपण नाही का बुटांची किंमत सांगत, तशी. पोरं एकदम गप्प झाली. मागून एक मोठा माणूस म्हणाला, "म्हणजे ती लाखाला जाते ती पाल हीच का?"

ही अफवा तुमच्याही व्हॉट्सअॅपवर कधीतरी येऊन गेली असेल. ती ज्या पालीबद्दल आहे ती म्हणजे टोके गेको. बंगालीत तक्षक. भारतात ती ईशान्येकडे सापडते, फूटभर लांब, निळसर-राखाडी अंगावर केशरी ठिपके, आणि रात्री 'टो-के' असं ओरडते. स्वभावाने मिरचीपेक्षाही तिखट. चावली की सोडत नाही. तिच्यापासून एड्स बरा होतो अशी थाप आग्नेय आशियात पसरली आणि किमतींचे भलतेच आकडे फिरू लागले. 2011 मध्ये फिलिपिन्सच्या सरकारला जाहीर सांगावं लागलं की यात काही तथ्य नाही. तोवर जंगलातून खूप पाली गेल्या होत्या. 2019 मध्ये ही जात सीआयटीईएसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ला जी दुरुस्ती झाली, तिच्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. घोरपडही तिथेच. या अनुसूचीतल्या प्राण्याला नुसतं पकडणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकार आहे आणि त्याला तीन ते सात वर्षं कैद.

हे सगळं मी ओटीवर समजावून सांगितलं. पण आकडा आधी सांगून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच मुलगा दारात. भिजलेला. हातात बोर्नव्हिटाची बरणी. बरणीत एक लहानशी पाल, विटकरी रंगाची, अंगावर फिकट पट्टे. शेताच्या बांधावरचा दगड उलटून पकडलेली. तोंड उघडून बसली होती, अगदी मिरचीसारखी. शेजारी बरणीच्या तळाशी तिचं शेपूट वेगळं पडलेलं, अजून मधूनच हलत होतं.

"ताई, हिचे किती?"

मला काही बोलता येईना. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी पालीला किंमत असते हे मीच त्याला शिकवलं होतं. तोवर त्या गावात पाल म्हणजे भिंतीवरची पाल. तिला ना कुणी विकत घेत होतं, ना कुणी पकडत होतं.

आम्ही दोघं छत्री घेऊन बांधावर गेलो. वाटेत मी त्याला सांगितलं की शेपटात ती चरबी साठवते, आपल्या बँकेत पैसे असतात तशी. पकडणाऱ्याला चकवायला ती शेपूट टाकते, म्हणजे सगळी बचत टाकून जीव वाचवते. नवं येतं, पण त्यात मणके नसतात. आधीसारखं ते कधीच होत नाही. त्याने ऐकून घेतलं. मग नेमका तोच दगड शोधला, बरणी आडवी धरली आणि ती आत शिरेपर्यंत पावसात उकिडवा बसून राहिला. उठताना म्हणाला, "मी शेपटाला धरलंच नव्हतं." मी म्हटलं, "माहितेय. घाबरली की नुसत्या भीतीनेही टाकते."

पुण्यात परतल्यावर मी फोटो जुळवत बसले. ती बहुतेक सह्याद्रीच्या उत्तर भागातली, जमिनीवर राहणारी 'डेक्कनेन्सिस' असावी. 1864 मध्ये ग्युंथर या शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं, त्या नावातच दख्खन आहे. आपल्या डोंगरांतल्या सगळ्या पालींची नोंद तर अजूनही पूर्ण झालेली नाही. 2019 मध्येच कोयना आणि आंबा या दोन ठिकाणांच्या नावांनी दोन नव्या जाती नोंदवल्या गेल्या. आणि त्याच सह्याद्रीत जाऊन मी आकडा सांगून आले होते.

दहावा दिवस आला. रूममेटचा मेसेज: "काय ठरलं?"

खरं सांगू? 'मला पाल आवडते का' या प्रश्नाचं उत्तर मला अजून माहीत नाही. मिरची माझ्यावर प्रेम वगैरे करणार नाही. फार तर एक दिवस माझा हात बघून उभी राहणार नाही. त्यासाठीसुद्धा रोज पाच मिनिटं हात पेटीत नुसता ठेवायचा, पकडायचं नाही, तिला वास ओळखीचा होऊ द्यायचा, असं महिनोन्महिने. पण हरसूलहून येताना एसटीत मला कळलं की मी यादीच चुकीची केली होती. घ्यायची का, हा प्रश्न मिरचीच्या बाबतीत संपलेला आहे. तिला कुणीतरी आधीच घेतलंय. ती पेटीत जन्मली, तिला बांधावर सोडता येणार नाही, तिची वीस वर्षं कुणाच्या तरी घरातच जाणार आहेत. मग प्रश्न उरतो तो एवढाच: रात्री तीनदा उठून पाणी बदलायची माझी तयारी आहे का?

नवी पाल मी कधी विकत घेणार नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी जात कोणती ते नीट विचारा, पैदाशीतली असल्याचा लेखी कागद मागा आणि वनविभागाला विचारा. ती सीआयटीईएसच्या यादीतली असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. 'बँकॉकहून मागवून देतो' म्हणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार. जून 2025 मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात साप, सरडे, कासवं सापडली, ती अशाच कुणाच्या तरी हौसेसाठी निघाली होती. आणि एवढं करून घेतलीतच, तर किंमत कुणाला सांगू नका. मी मिरचीचे फोटो टाकले होते ते काढून टाकलेत.

रूममेटला कळवलं: "माझ्याकडे राहील." तिने सतरा बदाम पाठवले.

राहिला घरमालकांचा प्रश्न. करारात स्पष्ट लिहिलंय, पाळीव प्राणी चालणार नाहीत. सगळं बळ एकवटून फोन केला. "काका, एक विचारायचं होतं. घरात एक पाल आहे."

काका हसले. "अगं, पाल कुणाच्या घरात नसते?"