कानांतलें गाणें

दिवाळीला आमचा पुतण्या लातूरहून नांदेडला घरीं आला, तो कानांत दोन पांढऱ्या गोळ्या घालूनच. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं तो दोन वर्षें तेथें एका खोलींत राहून अभ्यास करीत आहे. गेल्या खेपेस थोडक्या गुणांनीं त्याचा प्रवेश हुकला. त्यामुळें आमचे बंधु आधींच धास्तावलेले. हांक मारली तरी मुलगा ओ देत नाहीं, हें पाहून त्यांचा संयम सुटला. “हीं थेरं थांबत नाहींत तोंवर फोन माझ्याजवळ राहील,” असें त्यांनीं बजावलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण त्याचा चेहरा पाहून वहिनींच्या हातांतला झारा कढईवरच थबकला.

ढाळजेंत बसलेल्या तात्यांनीं हें सर्व ऐकलें. त्यांचें वय ८४. त्यांनीं नातवाला जवळ बोलाविलें आणि म्हणाले, “काय ऐकतोस तें मलाही ऐकव. गोळ्या नकोत, मोठ्यानं लाव.”

दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ नांवाच्या वाद्यवृंदाचा २०१९ सालचा ‘बिस्मिल्लाह’ हा गीतसंग्रह होता. नांवावरून सनईची अपेक्षा करावी, तर निघालीं इंग्रजी गाणीं! सूर्यकांत साहनी हा गायक जुन्या विलायती नाचघरांत शोभेल अशा मऊ, किंचित् आळसावलेल्या आवाजांत गातो. मागें पितळी वाद्यें घुमतात. तरुणानें आजोबांचा कोट घालून ऐटींत फिरावें, तसा तो प्रकार आम्हांस वाटला.

तात्या मात्र सरसावून बसले. “अरे, हे तर आमचे सी. रामचंद्र!” असें ते उद्गारले.

त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर विनायकबुवा पटवर्धनांपाशीं रागदारी शिकलेले. परंतु १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत त्यांनीं विलायती नाचाचे ठेके खुशाल आणले, आणि त्यांत साहाय्यास घेतला गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. आमच्या आजोबांना तें संगीत सवंग वाटे. पुढें १९५२ पासून नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळें चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच झालीं. नांदेड त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होतें. शाळकरी तात्या शेजाऱ्यांकडे जाऊन रेडिओ सिलोन ऐकत. १९५७ मध्यें विविध भारती सुरू झाली आणि तींच गाणीं सरकारी ध्वनिक्षेपकावरून सन्मानानें घरांत आलीं. “पण तोंवर मी त्यांच्यापायीं दोनदां मार खाल्ला होता,” असें म्हणून तात्यांनीं आमच्या बंधूंकडे पाहिलें.

मग मुलगा हळूच म्हणाला, “रात्री अभ्यास संपला की खोलीत बोलायला कुणी नसतं, आजोबा. या माणसाला कसली घाई नसते, म्हणून ऐकतो.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. दिवसभर वेळ मोजीत जगणारा हा मुलगा, आपण न पाहिलेल्या काळाचे सूर उसने घेऊन थोडी उसंत मिळवीत होता. आणि आम्ही दोष देत होतों तो गाण्याला! त्याच्या कानांत काय आहे हें आम्हांला दिसलें. तो एकटा आहे हें दिसलें नाहीं.

सर्वच गाणीं आम्हांला रुचलीं असें नाहीं. एक तर इतकें लांबलें कीं वहिनी मध्येंच उठून करंज्यांकडे गेल्या. परीक्षाही टळलेली नाहीं. ती द्यावयाचीच आहे. पण फोन मुलाकडेच राहिला. घरीं असेपर्यंत गाणें सर्वांना ऐकूं येईल असें लावावयाचें, एवढीच अट ठरली.

ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं परगांवीं एकटीं राहतात, अशा वाचकांना एकच सांगावेंसें वाटतें : त्यांच्या कानांतल्या गोळ्या काढावयास सांगण्यापूर्वीं त्यांतली एक आपल्या कानाला लावून पाहावी. आमचे बंधु आतां रोज रात्रीं लातूरला फोन करितात. सराव-परीक्षेंत गुण किती पडले, हें विचारण्याआधीं ते विचारितात, “आज काय ऐकलंस?”