गाडी की क्विंटल?

रहिमतपूरच्या आसपास आल्याचा दर क्विंटलवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात. गाडी म्हणजे ५०० किलो. आता समजा, इथल्या एखाद्या विद्यार्थ्यानं एम.ए.च्या संशोधन प्रकल्पाला आल्याची शेती हाच विषय घेतला. पहिल्या मसुद्यात तो 'गाडी' लिहितो. मार्गदर्शक तांबड्या शाईनं ती खोडून 'क्विंटल' करतात. पुढच्या खेपेला पोरगा शहाणा होतो. 'प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की...' अशी सुरुवात करतो. मग नवं आणि जुनं आलं एका भावानं घ्यायचं की वेगळं, यावरची व्यापाऱ्याशी घासाघीस, बापाच्या वहीतला हिशेब, सगळंच त्या गाडीबरोबर प्रबंधातून उतरून जातं.

प्राध्यापक चुकले म्हणावं, तर तसंही नाही. हा मजकूर नागपूरचा परीक्षकही वाचणार. त्याच्या डोळ्यांपुढं बैलगाडी आली तर? शिवाय गाईड आणि नोट्सवर पदवी काढलेल्या मुलानं सलग दोन पानं स्वतःची अशी कधी लिहिलेलीच नसतात. त्याचे मसुदे तपासणारे कितीतरी जण तासिका तत्त्वावर राबतात. त्यांना मानधन तासाचं मिळतं, मसुदे वाचल्याचं नाही.

तरी मला विद्यार्थ्यांची तक्रार जास्त वजनदार वाटते. चुकलं हे सर सांगतात. बरोबर कसं दिसतं, हे कोण दाखवणार? संशोधन पद्धतीच्या पेपरात गृहीतकं येतात, नमुना निवड येते, प्रश्नावली येते. परिच्छेद कसा बांधावा, हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं. त्यात २०१८ सालचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा वाङ्मयचौर्याचा नियम. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. नियम चोरीसाठी होता, पण मुलांपर्यंत तो लेखनाचा धडा म्हणून पोचला. टक्का उतरावा म्हणून 'शेतकरी' काढून 'कृषक' घालायचा!

आयोगाच्याच २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्यानं बसला तर बरंच. मात्र निबंधाच्या निमित्तानं निदान एकदा परक्या वाचकाला समजेल असं लिहावं लागायचं, ती सक्तीही गेली.

वसंत कानेटकर याच रहिमतपुरात जन्मले. नाशिकला इंग्रजी शिकवायचे, नाटकं मराठीत लिहायचे. नाटक कळेना झालं की खुर्च्या रिकाम्या होतात, लेखकाला त्याच रात्री समजतं. प्रबंधापुढच्या खुर्च्या मुळातच रिकाम्या, त्यामुळे कुणालाच काही समजत नाही.

गाडीचा तंटा खरं तर एका कंसात मिटतो. पहिल्यांदा येईल तिथं 'गाडी (५०० किलो)' लिहावं आणि पुढं बिनघोर गाडीच हाकावी. परीक्षकाची सोय होते, बाजारही शाबूत राहतो. पण हा कंस विद्यार्थ्याला सुचायचा, तर सरांनी स्वतःचा एखादा खाडाखोड झालेला मसुदा वर्गात आणून टेबलावर पसरायला हवा. त्याला धाडस लागतं आणि वेळही लागतो. धाडसाचं ज्याचं त्यानं बघावं. वेळ मात्र वेळापत्रकातूनच काढावा लागेल. प्रकल्पाला श्रेयांक आहेतच, त्यातला एक लिहिण्याच्या तासांच्या नावावर टाकायला काय हरकत आहे?