नक्षीतला सांधा

जुनी इंग्लिश कपबशी हातात आली की मी आधी नक्षीतला सांधा शोधते. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरत, त्यात रंग भरून पातळ कागदावर ठसा घेत आणि तो ओला कागद भाजलेल्या कपावर घासून चिकटवत. मग कागद धुऊन टाकायचा, वर काचेची झिलई. तिथल्याच जोसाया स्पोड या कुंभाराला १७८४च्या सुमारास हे निळ्या रंगात नीट साधलं. ठसे चिकटवणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली. कागदाची दोन टोकं जिथे भेटतात, तिथे ‘विलो’ नावाच्या नक्षीच्या काठाची रेघ केसभर चुकते. किती मायेची चूक! बशा खोलगट, कारण तेव्हा तिकडेही चहा बशीत ओतून पीत, अगदी आमचे आजोबा प्यायचे तसा. टवका उडालेला कपही मी घेते. सांधा तेवढा दिसायला हवा.