खलाशाचा कागद आधी आपणच करूया

बोटमालक बांधवांनो,

युरोपियन युनियनने 2015 साली बेकायदा मासेमारीवरून थायलंडला 'पिवळं कार्ड' दाखवलं. निर्यात अडकायची भीती, म्हणून तिथल्या सरकारने मासेमारीचे आणि खलाशांचे कायदे बदलले. जानेवारी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 188 क्रमांकाचा करारही मान्य केला. लेखी कागद, विश्रांती, वैद्यकीय तपासणी, अपघाताची भरपाई, सगळं त्यात आहे.

भारताने तो मान्य केलेला नाही. पण आपल्या देशाची कोळंबी, म्हाकूल युरोपला जातेच. उद्या तिथून दडपण आलं तर नियम घाईघाईत येतील, आपल्याला विचारायला कोण थांबणार?

आमचं मत स्पष्ट आहे. ओडिशा, झारखंडहून येणाऱ्या खलाशाचा पगार आणि विमा आताच कागदावर आणा. दर्यात माणूस गेला, तर कागदाशिवाय त्याच्या घरच्यांनी काय दाखवायचं?