मोबाईलवर सुसाट, वर्डमध्ये मात्र ‘शेतकऱ्यांचा’ अडतो. मराठी टायपिंगचा घोळ नेमका काय आहे?

३ फेब्रुवारी २०२५. राज्य सरकारने एक जीआर काढला आणि सरकारी कार्यालयात मराठीतच बोलायचं, या मुद्द्यावर सगळीकडे चर्चा झाली. त्याच जीआरमध्ये आणखी एक गोष्ट होती. कार्यालयातल्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रोमनसोबत देवनागरी अक्षरंही हवीत. याकडे फार कुणी बघितलं नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात, ढाणकीसारख्या गावात राहून लिपिक भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी हाच मुद्दा कामाचा आहे.

कारण लिपिक-टंकलेखक व्हायचं तर टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं. मराठीचं पद असेल तर मिनिटाला ३० शब्द, इंग्रजीचं असेल तर ४०. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. वरून एमपीएससीनेही लिपिक आणि कर सहायक पदांसाठी टायपिंगची कौशल्य चाचणी घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सर्टिफिकेट फाईलला लावून भागत नाही, टाइप करून दाखवावं लागतं.

आता कुणी म्हणेल, आजची पिढी दिवसभर टाइपच करते की! करते, पण मोबाईलवर. तिथे रोमनमध्ये दोन अक्षरं टाकली की फोन अख्खा मराठी शब्द सुचवतो, नाहीतर बोललं तरी चालतं. वर्डसमोर बसल्यावर हे सुचवणारं कुणी नसतं.

त्यात मराठीचे कीबोर्ड दोन. एक रेमिंग्टन, जो जुन्या टाइपरायटरवरून आला. बऱ्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आजही हाच हात बसवून घेतात. दुसरा इन्स्क्रिप्ट, भारत सरकारने १९८० च्या दशकात ठरवलेला. यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की साधारणपणे हाच येतो.

फरक किती? ‘विदर्भ’ लिहून बघा. रेमिंग्टनमध्ये शब्द जसा दिसतो तसा टाइप होतो. आधी वेलांटी, मग व, द, भ आणि रफार सगळ्यात शेवटी. इन्स्क्रिप्टमध्ये जसा उच्चारतो तसा. व, मग वेलांटी, द, र, हलन्त, भ. एका पद्धतीत बसलेला हात दुसरीकडे पार गोंधळतो. जीआरने कीबोर्डवर अक्षरं छापायला सांगितली, ते ठीकच. पण शिकवणी एका लेआउटची आणि कीबोर्डवर छापलेला दुसरा असेल, तर त्या छापील अक्षरांचा टायपिस्टला काय उपयोग?

मग येतो फॉन्टचा विषय. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही रोमन अक्षरं साठतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, तिथे अर्जाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये हे होत नाही, कारण तिथे ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठतो. शोधता येतो, मोबाईलवर वाचताही येतो.

पण युनिकोड आलं म्हणजे सुटलो असंही नाही. कापसाच्या या पट्ट्यातल्या अर्जांमध्ये सतत येणारा शब्द घ्या, ‘शेतकऱ्यांचा’. साधा र, हलन्त आणि य दाबला की ‘शेतकर्यांचा’ होतं. बरोबर अक्षरासाठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबायचं, म्हणजे ‘ऱ’ येतो, मग हलन्त आणि य. चूक नुसती दिसण्यापुरती नाही. फाइलमध्ये एकदा चुकीचा शब्द गेला, की कंट्रोल-एफने बरोबर शब्द शोधला तरी ती ओळ निसटू शकते. एकच चूक पन्नास जागी झाली असेल तर कंट्रोल-एच दाबून एकदम बदलता येते, पण हे माहीत नसलेला माणूस पन्नास वेळा बॅकस्पेस मारत बसतो.

टाइपरायटरच्या सवयी इतरही आहेत. ओळ संपली की एंटर मारायचा, तारीख उजवीकडे न्यायला स्पेसबार दाबत राहायचं. मग मधे एक शब्द वाढवला की सगळं पान विस्कटतं. वर्डमध्ये ओळ आपोआप खाली जाते, एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. तारीख उजवीकडे न्यायची तर कंट्रोल-आर. चुकलं तर कंट्रोल-झेड, आणि लाईटचा भरवसा नसेल तर दर दोन-चार ओळींनी कंट्रोल-एस.

शिकायला तासभरही लागत नाही. पण स्पीडच्या मागे लागलेल्या क्लासमध्ये हा तास बऱ्याचदा राहून जातो. त्यामुळे नाव घालायच्या आधीच विचारून घ्यावं, शिकवणार कोणता लेआउट, फॉन्ट युनिकोड आहे का, आणि ज्या परीक्षेला बसायचं तिथे कोणता कीबोर्ड चालतो. घरच्या कॉम्प्युटरवर सराव करायचा असेल, तर मराठी जोडल्यावर विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.