एकच भाव, पण कोणाच्या सोयीचा?

जीएसटीने देशभर कर एक केला, मग भावही एकच का नको, हा सवाल आता तावातावाने विचारला जातो. ग्राहकाला त्यात न्याय दिसतो. साखळी दुकानांच्या हेड ऑफिसलाही ती कल्पना आवडते, पण ती सोय म्हणून. एकदा आकडा भरला की सगळी दुकाने निकालात. कोल्हापुरात एक दर, ठाण्यात दुसरा, ॲपवर तिसरा म्हणजे कुठेतरी लबाडी असणारच, हे दोन्हीकडचे गृहीतक. मला ते मान्य नाही.

कायद्याचा दाखला आधी येतो. अनुचित प्रथांचा अवलंब करून एकाच पाकीटबंद वस्तूवर वेगवेगळ्या एमआरपी छापायला 1 जानेवारी 2018 पासून मनाई आहे. बरोबर आहे. पण हा नियम उत्पादक, पॅकर आणि आयातदारासाठी आहे. छापील किमतीच्या खाली दुकानदाराने कितीला विकावे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. उलट, विक्रेत्यांनी किती सूट द्यायची यावर बंधने घातली म्हणून स्पर्धा आयोगाने 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली, तो भाग वेगळा. वरून लादलेल्या सारख्या भावाकडे कायदा संशयाने पाहतो, एवढे त्यातून कळते.

मग म्हणतात, जकात गेली, एलबीटी गेला, आता फरक कशाचा? गाळ्याचे भाडे, वाहतूक, हमाली, पडून राहणारा माल हे कुठे एक झाले? भाव सगळीकडे सारखा ठेवला तरी हा खर्च जात नाही, मार्जिनमध्ये दडतो. गोदामाशेजारचे गिऱ्हाईक दूरच्या गिऱ्हाइकाच्या ट्रकचे भाडे भरते आणि त्याला पत्ताही नसतो.

आणि कर तरी कुठे सरळ आहे? 22 सप्टेंबर 2025 पासून कपड्याच्या नगाची करपूर्व विक्री किंमत 2,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. आता 2,999 एमआरपीचा एक शर्ट घ्या. पूर्ण किमतीला विकला तर कर वजा जाता दुकानाकडे सुमारे 2,541 रुपये राहतात. तोच 400 रुपये सूट देऊन 2,599 ला विकला तर तो 5 टक्क्यांत येतो आणि दुकानाकडे 2,475 राहतात. गिऱ्हाइकाला चारशेची सूट, दुकानाला सहासष्टची झळ! ज्याने भाव ठरवताना हे गणित मांडले नाही, त्याच्या एकसारखेपणाचे कौतुक कशाला करायचे?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त मान्य करतो. कोणता फोन वापरता, मागे काय घेतले, हे पाहून भाव बदलणे म्हणजे तोंड बघून भाव सांगणे. त्याची वकिली मी करणार नाही. गावाचा खर्च वेगळा म्हणून भाव वेगळा असू शकतो, माणूस वेगळा म्हणून नाही.

तर मग हवे काय? समजा, 8,000 वस्तू आणि 60 दुकाने. हे झाले 4,80,000 भाव. ॲप धरलेच नाही. शिवाय मालक अनेक. घरच्या ब्रँडचा भाव दुकान ठरवते, बाहेरच्या ब्रँडची स्कीम त्याचा माणूस पाठवतो, कमिशनवर ठेवलेल्या मालाची सूट तिसराच जाहीर करतो. म्हणून मूळ भाव एकच असावा आणि त्यापासून सरकणाऱ्या प्रत्येक भावापाशी कारण, तो लागू असलेल्या दुकानांचा पट्टा, शेवटची तारीख आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव असावे. पट्टाही खर्चावरून पाडावा, विभागीय मॅनेजरच्या हद्दीवरून नव्हे. शेवटची तारीख नसलेली स्कीम यंत्रणेने स्वीकारूच नये. दिवाळीची सूट संक्रांतीपर्यंत चालू राहते ती याच फटीतून.

सॉफ्टवेअर हे सगळे करील, असे कोणी म्हणेल. लाखो आकडे ते पोचवील, वादच नाही. पण जीएसटी उतरल्यावर काउंटरवर काय झाले ते आठवा. साबण 18 वरून 5 टक्क्यांवर आला. 100 रुपयांची जुनी वडी आणि 89 ची नवी, दोन्ही एकाच रॅकवर, दोघींचा बारकोड एकच. स्कॅन केले की पडद्यावर दोन एमआरपी उभ्या राहतात आणि एक निवडा म्हणतात. मागे रांग वाढलेली. काउंटरवरचा मुलगा वरची ओळ दाबतो. 89 चा साबण हातात घेऊन 100 चे बिल भरणाऱ्या बाईला तिच्या गावचा भाव ठाण्यापेक्षा वेगळा आहे का, याच्याशी काही देणेघेणे नसते. पडद्यावर जुनी ओळ कोणी ठेवली, हे तिने विचारले तर दुकानात एकाला तरी सांगता आले पाहिजे.