‘घुमा’ म्हणून सोडून देऊ नका

स्पष्टच लिहितो. आठवी-नववीतल्या पोराला ‘घुमा’, ‘हेकट’, ‘आगाऊ’, ‘मोबाईलने बिघडलेला’ ही लेबलं आपल्याकडे फुकट मिळतात. पण ‘ऑटिझम तर नसेल? एकदा दाखवून घ्या’ म्हटलं की घरचे अंगावर येतात. गणितात पहिला येतो, त्याला काय झालंय!

गणितात पहिला येणाऱ्यालाही असू शकतो. ऑटिझम म्हटलं की न बोलणारं लहान मूलच डोळ्यांपुढे येतं, तिथेच घोळ होतो. मी शिकवणी घेतो. काही मुलं रेल्वे इंजिनांवर तासभर बोलतील, समोरचा कंटाळलाय हे त्यांना कळत नाही. ‘काय दिवे लावलेस?’ विचारलं तर खरंच ट्यूबलाइटकडे बघतील. वर्ग हसतो, सरांना वाटतं उद्धटपणा करतोय. बसायची जागा बदलली की बिनसतं, डीजेचा आवाज सहनच होत नाही. हे सगळं लहानपणापासून थोडंफार असतंच. पण पाचवीपर्यंत मैत्री म्हणजे सोबत खेळणं. पुढे टोमणे, गट, इशारे सुरू होतात आणि पोरगं एकटं पडतं.

मुलींचं तर लक्षातच येत नाही. त्या मैत्रिणींचं बघून बघून हसायला-बोलायला शिकतात, शाळेत ‘शांत, गुणी’ ठरतात आणि घरी येऊन दार लावून रडतात.

आता लगेच प्रत्येक अबोल मुलावर शिक्का मारू नका. एखाद्या लक्षणाने काही ठरत नाही. आणि हसतं-खेळतं मूल अचानक गप्प झालं असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. त्रास कोण देतंय, नैराश्य आहे का, ते आधी बघा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण लोक जागे होतात दहावीच्या जानेवारीत! तपासणी, कागदपत्रं यात महिने जातात हो. आठवीतच हालचाल करा. आणि पुढच्या पालकसभेत एवढं विचाराच, शाळेत समुपदेशक आहे का, आठवड्यातून किती वेळ येतो?

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना आजीला किंवा लहानपण पाहिलेल्या कुणाला तरी सोबत न्या. बोलायला कधी लागला, हाक मारल्यावर बघायचा का, कसा खेळायचा, हे डॉक्टर विचारतातच. प्रगतीपुस्तकं जपली असतील तर तीही घ्या, शेऱ्यांसकट.